वाकडे शेपूट

आमच्या मोत्याला 'बस' म्हटले की तो उभा राहतो आणि 'ये' म्हटले की अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जातो. धाकट्या लेकीने सुट्टीभर त्याला वळण लावण्याचा उद्योग केला. कळण्याच्या भाकरीचे तुकडे दाखवून चुचकारले, दटावले, शेवटी त्याच्याशी अबोला धरला. तुकडे संपले, मोत्या होता तसाच राहिला. "बाबा, किती हो हेकट आहे हा!" ती म्हणाली, आणि मला एक नवाच नाद लागला. न ऐकणाऱ्यासाठी मराठीत शब्द तरी किती आहेत, ते मी मोजू लागलो.

हट्टी, हेकट, हेकेखोर, आडमुठा, द्वाड. शिवाय जनावरांकडून आलेले वेगळेच. चालता चालता मध्येच थांबते ते अडेलतट्टू, दुसऱ्याच्या शेतात शिरते ते ओढाळ ढोर, आवरता आवरत नाही तो नाठाळ बैल. कुत्र्याच्या वाट्याला मात्र एक म्हण आली : त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. गंमत अशी, की वळण म्हणजे वाक. ज्याच्या शेपटाला निसर्गानेच वळण दिले, त्याला आपण वळण लावायला निघतो, आणि शेपूट सरळ करू पाहतो!

गेल्या पावसाळ्यात एका रात्री कोणी अनोळखी माणूस फाटकाशी घोटाळत होता. मी "मागे हो" म्हणून ओरडलो, तरी मोत्या तसूभर हलला नाही. सकाळी घरात त्याचे कौतुक झाले. किती इमानी, किती धीट! कुत्रा तोच, न ऐकणेही तेच. शब्द तेवढा बदलला. आपली सोय झाली की निश्चय, गैरसोय झाली की हट्ट, एवढाच का हा फरक?

तसे मला वाटत नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. अशा कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकवतात, तसेच ती मोडायलाही शिकवतात. अंध धन्याने 'चल' म्हटले आणि समोरून मोटार येत असली, तर त्याने जागचे हलायचे नाही. महाभारतात तर हटून बसतो तो युधिष्ठिर. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायचे नाही, असे तो इंद्राला सांगतो.

आणि आमचे धुळे! येथल्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सरकारच्या लेखी ही माणसे कायदा मोडणारी, लोकांच्या तोंडी सत्याग्रही. आग्रह दुराग्रहातही असतो. मग दोहोंना वेगळे कसे करावे? मी दोन प्रश्न विचारून पाहतो : हे अडणे कोणासाठी, आणि त्याची झळ कोणाला? फटाक्यांसाठी अडून बसलेल्या पोराची झळ बापाच्या खिशाला लागते. सत्याग्रही स्वतः तुरुंगात जातो.

हे सुचले आणि मला एक जुना विद्यार्थी आठवला. वर्गाची काच फुटली होती. कोणी फोडली, हे त्याला ठाऊक होते. "सर, मी नाही सांगणार," एवढेच तो म्हणाला. मी त्याला दोन तास बाहेर उभे केले. तो रडला नाही, की सोडा म्हणाला नाही. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला : 'हट्टी आहे.' खरे दडवणे चांगले, असे मी आजही म्हणणार नाही. पण तो अडला दुसऱ्यासाठी आणि झळ सोसली स्वतः. त्याच्यासाठी दुसरा शब्द शोधायला हवा होता, आणि शब्दांचा तर मी शिक्षक! ते पुस्तक आता त्याच्या घरी कुठे पेटीत असेल. मला ते खोडता येत नाही. नव्या पुस्तकांत शेरे लिहिताना मात्र लेखणी जरा थांबते.

हे लिहीत असताना मोत्या माझ्या पायाशी येऊन बसला आहे. त्याला 'बस' असे कोणीही म्हटले नव्हते.