मुदत नाही, म्हणून?

स्मशानात न नेलेल्या अस्थी ठेवण्याची जी खोली असते, तिचे फोटो या आठवड्यात सगळ्यांनीच पाहिले. लोखंडी मांडणीवर लाल फडक्यात बांधलेली मडकी, आणि खालच्या फळीवर प्लास्टिकच्या कॅरीबॅगा. कॅरीबॅगांवर मी इथे पूर्वीही लिहिले आहे, पुन्हा लिहितो: ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांच्या अस्थी किराणा दुकानाच्या पिशवीत ठेवू नयेत. एका मडक्याला चिकटवलेल्या कागदावर नुसते ‘आजी’ असे लिहिले होते. नाव नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही.

सावडून ठेवलेल्या अस्थी न्यायला कुणी का आले नाही, याची कारणे ठरलेली आहेत. रजा नाही, धाकटा परदेशात आहे, काशीला जायचे आहे. दुःखात माणसाचे पाय जड होतात, हे मी समजू शकतो. एक कारण मात्र गळी उतरत नाही: ‘कायद्यात मुदत कुठे दिली आहे?’

दिलेली नाही, हे खरे. जर्मनीत बहुतेक राज्यांत अस्थिकलश घरी ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये न नेलेल्या अस्थींचे काही करण्याआधी अर्जदाराला कळवावे लागते. आपल्याकडे अस्थी किती दिवस ठेवाव्यात हे सांगणारा देशभर लागू असा वेगळा कायदा नाही. सारे चालते ते स्थानिक नियमांवर आणि स्मशानातल्या कर्मचाऱ्याच्या भलेपणावर. पण मुदत नाही म्हणजे कर्तव्यही नाही, हे कुणी शिकवले? आजारी आईच्या उशाशी रात्रभर बसा, असेही कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते. तेव्हा कुणी कलम विचारले नाही.

आणि कायदा अगदीच मुका नाही. मृतांचे अवशेष ठेवण्याच्या जागेत भावना दुखावण्याच्या हेतूने घुसणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या ३०१व्या कलमाखाली शिक्षा होते. मृतदेहालाही सन्मानाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात म्हटले. म्हणजे परक्यापासून त्या खोलीचे रक्षण करायला कायदा आहे. सख्ख्यांच्या विसरण्यावर तो काय करणार?

अस्थी ठेवणे हाच दोष, असे मी म्हणत नाही. श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात वारले. आपल्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी शंभर वर्षे सांभाळाव्यात आणि देश स्वतंत्र झाल्यावर मायदेशी न्याव्यात, यासाठी त्यांनी तिथे आधीच पैसे भरून ठेवले होते. परक्या शहराने शब्द पाळला. आपण मात्र स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी, २००३ मध्ये, त्या आणल्या. गांधीजींच्या अस्थींचा एक कलश कटकच्या बँकेत पडून होता. त्याचे विसर्जन प्रयागला १९९७ मध्ये झाले. राष्ट्रपित्याची ही गत, तर त्या ‘आजी’चे काय?

महापालिकांनी आता नियम करावाच. पावती द्यावी, मडक्यावर न पुसणाऱ्या शाईने पूर्ण नाव आणि तारीख लिहावी, ठरलेल्या दिवसांनी फोन करावा, मग लेखी सूचना द्यावी, आणि तरीही कुणी आले नाही तर सन्मानाने विसर्जन करून त्याची नोंद ठेवावी. कॅरीबॅग दारातच परत करावी. ज्यांना रामकुंडापर्यंत जाणे जमत नाही त्यांनी शेतात खड्डा घेऊन वर झाड लावावे. आपल्याकडे कितीतरी घरांनी ते केले आहे, आणि त्यात काही कमी पडत नाही.

नियमाने सगळे सुधारतील, अशी माझी समजूत नाही. ज्यांना यायचे नाही ते नोटिशीनंतरही येणार नाहीत. ‘मुदत कुठे आहे’ म्हणणाऱ्यांना मी इतकेच विचारतो: त्याच आजीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे कधी गेलात? तिथे तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. ती मुदत तुम्हाला कुणी सांगावी लागली नाही.