संजीवनी आणि जिव्हाळा

वणीत राहणाऱ्या माणसाला संजीवनीची गोष्ट वेगळी शिकावी लागत नाही. लक्ष्मणासाठी द्रोणागिरी घेऊन मारुती आकाशातून निघाला, वाटेत त्या पर्वताचा एक भाग इथे पडला आणि तोच सप्तशृंगीचा गड झाला, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. गडाच्या कड्याकपारीत औषधी वनस्पती आहेत त्या यामुळेच, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. या कथेतल्या एका माणसाकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे सुषेण वैद्य. मारुतीने अख्खा डोंगर आणला, कारण नेमकी वनस्पती कोणती हे त्याला ओळखता येईना. त्या डोंगरातून हवी ती मुळी निवडली ती सुषेणाने. रामायणात चार वनौषधींची नावं येतात आणि चौघींचं काम निरनिराळं आहे. विशल्यकरणी शरीरात रुतलेलं शल्य काढते, संधानी तुटलेलं सांधते, सुवर्णकरणी त्वचेचा वर्ण परत आणते आणि मृतसंजीवनी प्राण परत आणते. डोंगर उचलायला बळ लागलं, पण लक्ष्मण उठला तो कुणाला काय द्यायचं हे जाणणाऱ्यामुळे.

ही गोष्ट मला पुन्हा विचारात घ्यायला लावली ती मुलांच्या एका खेळाने. पोकेमॉन म्हणजे निरनिराळे जीव पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि त्यांच्यासोबत लढाया खेळायच्या. 1999 साली जपानमध्ये या मालिकेतले 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे खेळ आले. त्यांत गोल्डनरॉड नावाचं एक शहर आहे आणि त्याच्या भुयारी बाजारात शनिवार-रविवारी एक जडीबुटीवाला बसतो. त्याचा माल स्वस्त असतो. नेहमीच्या दुकानात 'सुपर पोशन' 700 ला मिळतं, तर तेवढीच ताकद भरून देणारी 'एनर्जी पावडर' याच्याकडे 500 ला. 'हील पावडर' सगळे विकार घालवते. 'रिव्हायव्हल हर्ब' ही तर खेळातली संजीवनीच. बेशुद्ध पडलेला जीव तिने पूर्ण ताकदीनिशी उभा राहतो.

फक्त ही सगळी औषधं अतिशय कडू असतात. ती दिली की जीव बरा होतो, पण मालकावरची त्याची माया कमी होते. ही माया खेळाने 0 ते 255 अशा आकड्यात मोजलेली असते आणि खेळणाऱ्याला तो आकडा कधीच दाखवलेला नसतो. पडद्यावर ताकदीची पट्टी झरझर भरताना दिसते, मनातल्या मनात समाधान वाटतं, आणि त्याच क्षणी न दिसणारा दुसरा आकडा खाली उतरलेला असतो. परिणाम कळतो तो फार उशिरा. गोल्बॅट नावाचं वटवाघूळ पुरेशी माया असल्याशिवाय क्रोबॅट होत नाही. ते कितीही लढाया जिंको, कितीही अनुभव मिळवो, वाढ तिथेच अडते. खेळणारा बुचकळ्यात पडतो, कारण त्याने तर त्या जिवाला प्रत्येक वेळी बरंच केलेलं असतं.

यातला एक बारकावा मला सगळ्यांत जास्त अंतर्मुख करून गेला. 'रिव्हायव्हल हर्ब' दिल्यावर माया 15 ने घटते. पण ती आधीच 200 च्या वर पोचलेली असेल, म्हणजे त्या जिवाचा तुमच्यावर पुरता विश्वास बसलेला असेल, तर ती 20 ने घटते. नवख्याला कडू औषधाचं जेवढं लागतं त्याहून जास्त ते जिवलगाला लागतं. खेळ रचणाऱ्यांनी हा नियम का ठेवला असेल ते असो, माणसांच्या बाबतीत तो किती खरा आहे! परक्याने सुनावलेले चार शब्द आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. आई, भाऊ, जुना मित्र हेच शब्द बोलला तर ते वर्षानुवर्षं आत राहतात.

मग गोड औषध द्यावं, असं वाटेल. तर त्याचंही उत्तर याच मालिकेत आहे. 2002 मध्ये आलेल्या 'रुबी' आणि 'सफायर' या खेळांत प्रत्येक जिवाला 25 पैकी एक स्वभाव मिळाला आणि बहुतेक स्वभावांबरोबर चवीची आवडनिवडही आली. मागो नावाचं एक गोड फळ आहे. ते खाल्लं की घटलेली ताकद काही अंशी परत येते. पण ज्याच्या स्वभावाला गोड चालत नाही तो हे फळ खाऊन भांबावतो आणि भर लढाईत स्वतःवरच वार करू लागतो. तिखट, तुरट, आंबट, कडू फळांचंही तेच. आणखी पुढची गोष्ट म्हणजे मचॅम्पसारख्या काही जिवांमध्ये असा गुण असू शकतो, की भाजल्याच्या किंवा विषबाधेच्या अवस्थेत त्यांचा जोर दीडपट होतो. खेळणारा कळवळून त्यांना बरं करतो आणि त्यांचं बळ काढून घेतो. कडू औषध एकाला दूर करतं, गोड फळ दुसऱ्याला भांबावून सोडतं, आणि तिसऱ्याला औषधाची गरजच नसते. औषध प्रत्येक वेळी अस्सल असतं. चूक होते ती घेणारा कोण आहे हे न पाहिल्यामुळे.

हे खेळापुरतं राहिलं असतं तर इतकं लिहिलं नसतं. न दिसणाऱ्या आकड्याची फार मोठी किंमत आपण प्रत्यक्षात मोजलेली आहे. गाईबैलांच्या वेदनेवर आणि तापावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध सर्रास दिलं जायचं. ते स्वस्त होतं आणि लगेच गुण यायचा. बसलेला बैल उठून चारा खाऊ लागला की शेतकऱ्याच्या घरात जीव भांड्यात पडायचा, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावलं, तर त्याच्या मांसात ते औषध उरलेलं असायचं. ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि ती मरून पडायची. 1990 च्या दशकापासून पुढच्या पंधराएक वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण हाती लागलं ते 2004 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे बंदी आली आणि गिधाडांना न बाधणारं मेलोक्सिकॅम पुढे आलं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक यांचा जनावरांसाठीचा वापरही थांबवला गेला.

आपल्या नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर आजही गिधाडं दिसतात. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनविभागाने आणि गावकऱ्यांनी मिळून त्यांना खायला घालण्याची जागा केली. जो पक्षी मेलेली जनावरं फुकट साफ करून गावाला रोगराईपासून वाचवत होता, त्याला आता सुरक्षित घास शोधून द्यावा लागतो. बैलाला बरं करणाऱ्या कुणाच्याही मनात गिधाडाचं वाईट नव्हतं. नजर फक्त बैलावर होती, इतकंच.

म्हणून कडू औषध देऊच नये का? तसं मला मुळीच म्हणायचं नाही. समोरचा बेशुद्ध पडलेला असताना, हाताशी दुसरं काही नसताना जिवलगालाही कडू मुळी द्यावीच लागते. व्यसनात अडकलेल्या भावाला कुणीतरी ठणकावून सांगावंच लागतं. परीक्षेच्या वर्षी मुलाच्या हातातला मोबाईल काढून घ्यावा लागतो. पथ्य मोडणाऱ्या वडिलांना रागवावं लागतं. आपण चुकतो ते त्यानंतर. औषध लागू पडलं, पट्टी भरली, म्हणजे काम संपलं असं समजून आपण पुढे निघून जातो. "तुझ्या भल्यासाठीच केलं" हे वाक्य बोललं की आपल्या लेखी हिशेब मिटतो. समोरच्याच्या मनात तो तेव्हा सुरू झालेला असतो.

त्या जुन्या खेळात गेलेली माया परत मिळवण्याचे मार्ग आहेत, आणि त्यातला सगळ्यांत साधा मार्ग म्हणजे सोबत चालणं. दर 512 पावलांना ती 1 ने वाढते. म्हणजे एका कडू मुळीने गेलेले 15 परत आणायला 7,680 पावलं लागतात, आणि जिवलगाचे 20 परत आणायला 10,240. औषध देणं क्षणाचं काम, भरपाई मात्र पावलापावलाने होते. चैत्रात खानदेशातून भर उन्हात सप्तशृंगीला पायी येणाऱ्या भाविकांना हे सांगावं लागणार नाही. दिवसरात्र सोबत चाललेली माणसं घरी परतताना एकमेकांची झालेली असतात.

तेव्हा आज कुणाला काही कडू द्यायची वेळ आली, तर ते जरूर द्यावं. पण आधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. याला खरंच औषधाची गरज आहे का? असेल तर याच्या स्वभावाला मानवेल असं दुसरं काही आहे का? आणि हे दिल्यावर त्याची झळ आणखी कुणाला पोचणार आहे का? उत्तरं मिळाल्यावर हात आखडू नये. मात्र दिल्यानंतर त्या माणसाजवळ थांबावं, दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करावी, आठवडाभराने पुन्हा करावी, आणि या विचारपुशीत त्या औषधाचा विषय काढू नये. गुण आला की नाही हे कुणालाही दिसतं. माया उरली की नाही हे पाहण्याचं काम मात्र ज्याने औषध दिलं त्याचंच आहे.