नदीचे क्षालन आणि आपले

दिवाडी बेटावरील नार्वे येथे गोकुळाष्टमीस मांडवीत स्नान करण्याची प्रथा फार जुनी आहे. ऐन पावसाळ्यातले ते पाणी गढूळ असते. तरी भाविक त्यास पावनच मानतो. नदी आपला मळ आपणच धुते, हा समज निराधार नव्हे. प्रश्न इतकाच की, ती नेमके काय धुते?

निर्माल्य, कुजका पाला, घरचे सांडपाणी यांचे सूक्ष्म जीव विघटन करतात. पाण्यात प्राणवायू पुरेसा असला, की मळाचे मळपणच नाहीसे होते. येथे शुद्धी हा शब्द खरा आहे. गृहस्थाने नदीच्या या औदार्याचा मर्यादेत लाभ घेतला, तर त्याला दोष कोण देईल?

परंतु याच मांडवीतून कित्येक दशके लोहखनिजाने भरलेल्या बार्जी मुरगांव बंदराकडे गेल्या, आणि खाणींची माती दर पावसाळ्यात पात्रात उतरली. तिच्यातील लोह, मँगनीज हे धातू कुजत नाहीत. नदीमुखाशी गोडे पाणी खाऱ्यास मिळाले, की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि धातूंना घेऊन तळाशी बसतात. वरचे पाणी निवळते. खालच्या प्राणवायुहीन चिखलात गंधकाच्या संयोगाने कित्येक धातू जखडले जातात. आपण यालाही शुद्धीच म्हणतो. मला तर ही पुरून ठेवलेली ठेव वाटते. नौकामार्गासाठी गाळ उपसला, की त्यास प्राणवायू लागतो आणि जखडलेल्यांपैकी काही धातू पुन्हा मोकळे होतात. 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. तळाचा गाळ मात्र कोणाच्या आदेशाने उठून गेला नाही.

आपल्या धर्मशास्त्राने प्रायश्चित्तासाठी केवळ स्नान पुरेसे मानलेले नाही. पश्चात्ताप आणि तेच कर्म पुन्हा न करण्याचा निश्चयही मागितला आहे. पाणी निवळले म्हणून कर्म फिटले, असे समजणाऱ्याने यांपैकी काय केले? त्याने फक्त दृष्टी वर ठेवली.

तिसऱ्या त्याच चिखलात राहतात, पाणी गाळून जगतात आणि धातूंचा अंश आपल्या अंगी साठवतात. ओहोटीच्या वेळी त्या वेचण्यास गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायकांनी खनिजाचा एक खडाही कधी विकलेला नसतो.