शेजाऱ्याशी अबोला धरावा का?

शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. ती दोन घरांना लागू आहे, तशी दोन राष्ट्रांनाही आहे काय? आणि शेजारचा राज्यकर्ता अन्यायी असेल, तर त्याच्या दारी आपला वकील ठेवणे हे शांतीचे कार्य ठरते, की त्याच्या पापाला दिलेली मूक संमती?

या प्रश्नासमोर आम्हाला अर्जेंटिना आणि चिली हे दोन कॅथलिक शेजारी आठवतात. त्यांच्या सरहद्दीवर, अँडीज पर्वताच्या खिंडीत, १९०४ साली शांतीची खूण म्हणून ख्रिस्ताचा भव्य पुतळा उभारण्यात आला. तरीही १९७८ च्या नाताळात हीच राष्ट्रे बीगल सामुद्रधुनीजवळच्या तीन लहान बेटांपायी युद्धाच्या उंबरठ्यावर उभी होती. दोन्हीकडे लष्करी राजवट होती आणि विरोधकांना नाहीसे केल्याचे रक्त दोघींच्याही हाताला लागलेले होते.

दोन्ही राजधान्यांत पोपमहोदयांची वकिलात होती. ब्युनॉस आयर्सला पिओ लाघी, तर सांतियागोला अँजेलो सोदानो हे वकील होते. बोलण्याची वाट अशी आधीपासूनच खुली होती. नाताळ सरताच पोप दुसरे जॉन पॉल यांचे दूत म्हणून कार्डिनल अँतोनिओ सामोरे तेथे पोहोचले आणि ८ जानेवारी १९७९ रोजी उभय राष्ट्रांनी माँटेव्हिडिओ येथे बळाचा वापर न करण्याचे मान्य केले. पुढची मध्यस्थी जवळजवळ सहा वर्षे चालली. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या, तेव्हा सामोरे हयात नव्हते; १९८३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे या कामाचे प्राक्तनच आहे.

मात्र या कथेला दुसरी बाजूही आहे. बेपत्ता मुलांचा शोध घेणाऱ्या प्लाझा दे मायोच्या मातांनी पुढे लाघी यांच्यावर लष्करशहांशी संगनमताचा आरोप केला. लाघींनी तो नाकारला. त्याचा निवाडा आम्ही करू शकत नाही; परंतु त्या मातांचा प्रश्न टाळणेही आम्हाला योग्य वाटत नाही. दार उघडे ठेवणे हा सद्गुण खरा. पण त्याच दारातून शांतीचा निरोप जावा आणि हरवलेल्या लेकराची विचारणाही जावी. केवळ मेजवानीसाठी उघडणारे दार शेजारधर्म पाळत नाही.

१९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार मैत्री वाढवणे हे वकिलातीचे एक कर्तव्य आहे. संबंध तुटले, युद्ध पेटले, तरी तिच्या वास्तूचा मान राखावा, असेही तो करार सांगतो. भांडणाच्या पलीकडचा दिवस येणार आहे, हा विश्वास त्यामागे आहे. आपल्या घराघरांतल्या अबोल्यांनाही तो विश्वास हवा आहे. सत्य न लपवता बोलत राहणे कठीण असते. पण शेजाऱ्यावरील प्रीतीची कसोटी तेथेच लागते, असे आम्हाला वाटते.