माळवदाचे ओझे

पर्यावरणपूरक इमारत म्हटले की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती सौरपट्ट्यांपासून, दुहेरी काचांपासून आणि मानांकनाच्या प्रमाणपत्रापासून. हे सगळे मोजता येते, म्हणून त्याला मान मिळतो. पण जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के वायू एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून निघतो, आणि त्यातला मोठा वाटा भट्टीच्या इंधनाचा नसून भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचा असतो. भट्टी उद्या उन्हावर चालली तरी तो निघणारच. म्हणजे इमारत उभी राहते त्या दिवशीच निसर्गाकडून कर्ज काढून झालेले असते. ती तीस वर्षांत पाडून नवी बांधली, की पहिले न फेडताच दुसरे काढले.

म्हणून मला एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ही इमारत पन्नास वर्षांनी कोणाला हवीशी वाटेल का? ती राखण्यासाठी कोणी पदरमोड करील का? वास्तूत जीव गुंतला तर माणूस ती सांभाळतो, आणि जीव बहुधा तिथे गुंततो जिथे आपला हात लागलेला असतो.

वास्तुकार लॉरी बेकर यांनी ही गोष्ट कामातून दाखवून दिली. 1917 साली बर्मिंगहॅमला जन्मलेले बेकर महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकले आणि तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर सांगितला आणि पाळण्याचा प्रयत्न केला. केरळात त्यांनी विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या रचल्या. मध्ये पोकळी राहते, सुमारे पाव विटा वाचतात आणि कोंडलेली हवा ऊन अडवते. स्लॅबच्या तळाकडचे काँक्रीट ताण पेलत नाही, नुसते वजन वाढवते. तिथे त्यांनी जुनी मंगलोरी कौले बसवली. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात त्यांच्या विटांच्या जाळ्या आजही वारा आत घेतात. वाटेत झाड आले तर ते भिंत वळवून घेत.

या युक्त्यांपेक्षाही मला मोलाची वाटते ती त्यांची रीत. घर कोणाचे आहे, ते लोक राहतात कसे, हे समजून घेतल्याशिवाय ते रेघ ओढत नसत, आणि विटेवर शक्यतो गिलावा चढवत नसत. त्यामुळे गवंड्याच्या हाताची सफाई भिंतीवर कायम दिसत राहते. कोणी बांधले हे दिसते, आणि बिघडले तर कुठे हात घालायचा हेही कळते.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. पण स्थानिक साहित्य आणि आपुलकी एवढ्यावर जे समाधान मानतात, त्यांनी भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीकडे पाहावे.

मराठवाड्यातले माळवदाचे घर या मातीतूनच उभे राहिलेले होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सागाचे किंवा लिंबाचे खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हेच माळवद. वैशाखातही आत गारवा. ढाळजेत पाहुण्यांची उठबस, बळदात वर्षाचे धान्य, माळवदावर पापड-कुरडयांची वाळवण आणि रात्री तिथेच अंथरुणे. पावसाळा तोंडावर आला की गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी माती टाकायची, हा घराघरातला नेम. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानेही टाकली. जुनी खरवडून काढायचे मात्र राहून गेले आणि छत पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना जमीन हादरली. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या जाड भिंती आतून एकसंध नव्हत्या. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये मातीत भरलेली दगडांची खांडकी. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादऱ्यासरशी थर सुटले, भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक घरांत सुताराने घडवलेला लाकडी सांगाडा मात्र तसाच उभा राहिला. ज्या मातीखाली माणसे गाडली गेली, ती घर राखण्यासाठी त्यांनीच वर्षानुवर्षे वाहून नेली होती. वास्तूवरच्या मायेला बांधकामाच्या जाणतेपणाची जोड नसेल तर काय होते, याचा इतका क्रूर दाखला मला दुसरा माहीत नाही.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठे पुनर्वसन झाले. 52 गावे नव्या जागी हलवली गेली. कुटुंबाकडे जमीन किती, त्यावरून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भूकंपात टिकतील अशी बांधली होती, आणि त्या काळात ते सर्वांत आधी पाहायला हवेच होते. पण आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते आले, घरे दूरदूर गेली, जुन्या बोळांतली दाट शेजारवस्ती मोडली. गुरे बांधायला, कडबा रचायला, धान्य साठवायला जागा कुठे, याचा विचार पुरेसा झाला नाही. मग लोकांनी आपापल्या परीने पुढे-मागे पत्रे टाकले, काहींनी जुन्या गावचे दगड आणून आडोसे उभे केले. राहणाऱ्याला न विचारता दिलेले घर तो शेवटी स्वतःच बदलतो, आणि तेव्हा त्याच्या शेजारी जाणकार माणूस नसतो.

मधला रस्ता त्याही वेळी माहीत होता. कमी नुकसान झालेल्या गावांसाठी तज्ज्ञांनी सांगितलेले उपाय साधे होते. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतीला ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर बांधले जातील. दारा-खिडक्यांच्या वर सगळीकडून फिरणारा पट्टा द्या. लाकडी सांगाड्याला तिरके आधार ठोका. गावातल्या गवंड्याला शिकवता येतील अशीच ही कामे आहेत. जुने घर टिकते, गारवा टिकतो, नवे सिमेंट लागते ते थोडेच. मला हीच खरी आधुनिक वास्तुकला वाटते. ती घराचा दोष ओळखून तेवढाच काढते आणि घराची किल्ली घरच्यांच्याच हाती ठेवते. आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत नव्या इमारतीच्या आराखड्याला जेवढे गुण मिळतात, तेवढेच जुने घर मजबूत करण्याच्या कामाला मिळाले पाहिजेत.

मराठवाड्यात माळवदाची घरे अजून आहेत आणि त्यांतली बरीच स्लॅबसाठी पाडली जात आहेत. तुमच्या गावी असे घर असेल तर पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दगडी बांधकाम जाणणारा अभियंता आणि गावचा गवंडी यांना एकाच दिवशी बोलवा, दोघांना मिळून भिंती आणि तुळया तपासायला सांगा, आणि छतावरची जादा माती या पावसाळ्याआधी उतरवून घ्या.