पदरचे काही न घालता

आकाशकंदिलाचा कागद जितका रंगीत, तितका तो आपल्याला आवडतो. चष्म्याची काच मात्र स्वच्छच हवी. प्रकाश दोन्हींतून जातो. मधल्या पडद्याकडून आपली अपेक्षा तेवढी निराळी असते. ध्वनिमुद्रणाच्या जगातला एक जुना वाद नेमका याच अपेक्षेविषयी आहे.

आवाज ही हवेतली लाट. तिचे आकड्यांत रूपांतर करणारे यंत्र, म्हणजे कन्व्हर्टर, तिचे माप क्षणोक्षणी घेत असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि दर मापाला ६५,५३६ पायऱ्या असतात. काही जाणकार म्हणतात, यंत्र पारदर्शक असावे. आले तेच पुढे जावे. दुसरे म्हणतात, त्याने आवाजाला थोडी ऊब द्यावी. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांची गोडी अशीच. मूळ स्वरात नसलेले काही बारीक स्वर ती पदरचे घालतात.

हा प्रश्न केवळ कारागिरांचा आहे काय? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे एक कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. बाबा प्रश्न विचारीत आणि समुदाय उत्तर देई. त्यांचे कीर्तन असे दोघांचे असे. उद्या कोणी हौसेने असल्या मुद्रणातली खरखर पुसली, बाबांचा आवाज घुमारदार केला आणि गर्दी मागे सारली, तर कान सुखावतील. पण कीर्तनातला अर्धा वक्ताच नाहीसा होईल.

यावर कोणी म्हणेल, पूर्ण पारदर्शक असे काय आहे? मायक्रोफोन कुठे ठेवला, इथपासूनच रंग चढू लागतो. खरे आहे. पण बिनवजनाचे भांडे तरी कुठे असते? म्हणून का अकोल्याचा दुकानदार तेल भांड्यासकट तोलून देतो? तो आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो. स्वतःचे वजन नसणे कोणालाच साधत नाही. ते ओळखून वजा करणे साधते, आणि प्रामाणिकपणा याहून फारसा वेगळा नसावा.

शिवाय रंग मागाहून देता येतो. एकदा मुरलेला रंग काढता येत नाही. म्हणून पहिली प्रत जशीच्या तशी राखावी. दुसरी खुशाल रंगवावी, पण रंगवली आहे असे सांगून.

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजीच्या आवाजाची एखादी कॅसेट कपाटात पडून असेल. या दिवाळीत नातवंडे ती संगणकावर उतरवून घेतील, तेव्हा तिचा खोकला, चुलीवरच्या भांड्यांचा आवाज आणि तिचे ते ‘माह्या लेकरा’ एका प्रतीत तरी तसेच राहू द्यावे. ज्या पणतूने तिला पाहिले नाही, त्याला ती नीटनेटकी भेटण्यापेक्षा खरी भेटलेली बरी.