वाट्याचे वैराग्य

चाकणच्या कारखान्यात पाळीवर राबणारा गृहस्थ उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना खोपोलीजवळच्या, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात नेण्याचा बेत करतो, तेव्हा बेताच्या जमाखर्चात मौजेची बाब धरणे धर्माला मंजूर आहे काय, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतोच. दिनदर्शिकेच्या पानामागे पत्नी तिकिटे, गाडीभाडे, टोल मांडत जाते, वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घेण्याचे ठरवते, आणि तरीही बेरीज शिलकेबाहेर गेली, की बेत रहित करणे हाच संयम, असे त्याला वाटू लागते.

तळेगाव-चाकण रस्त्यालगतच्या भंडारा डोंगरावर चिंतन करणाऱ्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. परंतु ती केवळ आपल्या वाट्याची, धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याच्या स्वाधीन करून. त्यागाविषयी इतका सूक्ष्म विवेक मला अन्यत्र क्वचितच आढळला. पित्याने स्वतःची चैन खुशाल सोडावी. लेकरांच्या बालपणाचा हिस्सा परस्पर नदीत सोडण्याचा अखत्यार त्याला कोणी दिला? आपल्या शास्त्रकारांनीही काम हा पुरुषार्थच मानला, मात्र धर्माच्या मर्यादेत. कर्ज काढून केलेली मौज ही मर्यादा मोडते, कारण तिचे हप्ते त्याच लेकरांच्या दूध-वह्यांतून वळते होतात. म्हणून ऐपत नसेल त्या वर्षी निगडीचे अप्पूघर गाठावे, आणि खोपोलीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकावी.